नऊ अँपिअर

गुरुवार, ८ जानेवारी, नाशिकरोड

सासूबाईंचा उजवा तळहात भाजलाय. नुसत्या फुंकर घालत बसल्यात.

कालच मी ह्यांना सांगितलं होतं, आईंच्या खोलीतला हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. हीटर दोन हजार वॅटचा. त्याला दोनशे तीस व्होल्टने भागलं की जवळजवळ नऊ अँपिअर करंट येतो, आणि बोर्ड सहाचा. वायर तापणारच. हे म्हणाले, "शाळा शाळेत ठेव." बावीस वर्षं दहावीला हेच शिकवतेय मी.

आज दुपारी मी शाळेत असताना बोर्ड वितळला. जळका वास आला म्हणून आई प्लग काढायला गेल्या.

संध्याकाळी वायरमन आला. काळा पडलेला बोर्ड बघून म्हणाला, "साहेब, नऊ अँपिअर खेचतो हा. सहाच्या बोर्डवर कुठं लावता?" ह्यांनी लगेच मान डोलावली. वर मला म्हणाले, "बघ, ह्याला म्हणतात अनुभव." मी गप्प का बसले? वायरमनसमोर तमाशा नको म्हणून? की सवय झालीय?

मलम लावताना आई हळूच म्हणाल्या, "काल तू सांगत होतीस ते मी ऐकलं होतं गं. पण त्यानं लावलेला हीटर मी कसा बंद करायचा?"