पुलाच्या तोंडचा गाळ

१४ मे
शेवटी पोकलेन आला. इतकी वर्षं अर्ज खरडले, त्याला आज ट्रेलरवरून फळ आलं, नारायणगावहून. आळी सगळी ओढ्यावर, जशी वरात आली. मीही उभी होते, खोटं कशाला लिहू. गाळातून निघालं ते: शेतातला मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, टोमॅटोचे फुटके क्रेट, एक अख्खी मोपेड. वास असा की सुमी खालच्या खोलीतून ओरडली, "ताई, कुणी मेलं का गं?" म्हटलं, गावाची लाज. मेली केव्हाच, आज वर काढतायत.

गेल्या साली पाणी मागच्या पायरीला लागून परत गेलं. तेव्हा सुमी, माझी धाकटी बहीण, चालत होती. आता डावी बाजू गेलेली, खाट खाली, जिना अरुंद.

१९ मे
काम बरं चाललंय. पोकलेनवाला राजुरीचा, बोलतो कमी, हात चांगला. गाळ ट्रॅक्टरने शेतांवर जातोय. तळाला खडक दिसला. ओढ्याला खडक आहे हे विसरूनच गेले होते.

२२ मे
थांबलं.
पुलाच्या तोंडाशी, आमच्या परसापासून हाकेवर, गाळाचा उंचवटा आहे. त्यावर साती आसरा. सात शेंदरी धोंडे. राजुरीवाला हात लावेना.
"पाण्याच्या देवता हायेत मॅडम. माझी मशीन पलटी झाली मंग?"
"आणि पूर आला तर?"
"त्ये बी त्यांच्याच हातात."
पुलाच्या तीन मोऱ्यांपैकी दोन त्या उंचवट्याने बुजलेल्या. म्हणजे वरून पाणी आता मोकळं धावत येणार आणि पुलाशी येऊन अडणार, आमच्या परसात. याच्यापेक्षा आधीचा उकिरडा परवडला.

मी नन्सच्या शाळेत शिकले. मला ना त्यांची मेरी पावली, ना या साती जणी.

२३ मे
सुमीला भीत भीत सांगितलं. दरवर्षी बांगड्या आणि दहीभात नेणारी ती. वाटलं, धोंडे हलवायचं म्हटलं तर भांडेल. हसली. अर्ध्या तोंडाने, पण हसली.
"त्यांना काय झालंय हलायला? आई असल्यापासून दर दिवाळीनंतर आम्हीच उचलायचो की. त्या मुळात खाली खडकावर. गाळ चढला की त्या वर, परत चढला की परत वर. नैवेद्य दाखवायचा, 'चला बायांनो' म्हणायचं आणि उचलायचं. त्याच रीतीने काठावर आणा."
आणि मी पुण्यात नोकरी करत बसले. मला यातलं अक्षर माहीत नाही.

२४ मे
दत्ताकडे गेले. दत्ता आता ग्रामपंचायतीत आमचा सदस्य. याच आळीत चड्डीची नाडी धरून फिरायचा. सुमी काय म्हणाली ते सांगितलं.
"आत्या, सुमाआत्या आजारी माणूस. लोकांच्या भावना हायेत."
"भावनांना पोहता येतं का रे?"
"तुमी लई ताण घेता राव. चा घ्या. आन् ऐका, तिथं ओटा बांधतोय. टाइल्स, शेड, लाइट, समदं. गाळ पक्का केला की वाहून जायचा प्रश्नच न्हाई."
हे गणित ऐकून कप तसाच खाली ठेवला. ज्याने वाहून जायला हवं, ते हा पक्कं करणार.

२९ मे
पोकलेन परत गेला. मी जुन्नरला, तहसील कचेरीत. टेबलामागचे साहेब म्हणाले, धार्मिक बाब आहे, वरून लेखी आणा. वरून म्हणजे कुठून, ढगातून? हसले नाहीत. मीही नाही.

६ जून
ओटा झाला. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, न्हाणीघरासारख्या. धोंडे सिमेंटात बसवले. सुमीला सांगितलं.
"सिमेंटात? मग आता त्यांना वर कोण घेणार?"
 रात्री जेवली जेमतेम.

११ जून
शेजारची चार पोरं तयार केली होती, सुमीला वरच्या मजल्यावर न्यायला. सुमीने त्यांना दारातूनच हाकललं. "चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं. जिना चढायला नाही." मी नाही नाही ते बोलले तिला. भिंतीकडे तोंड करून पडली. हट्टी. लोक म्हणतात, दोघीही.
खाटेच्या पायांखाली विटा लावल्या.

१७ जून
घाटात धो धो चाललंय म्हणतात. डिंभ्याकडची एसटी आलीच नाही. ओढा तांबडा. एक मोरी गरजते. उरलेल्या दोन मुक्या. त्या मुक्या ऐकूनच झोप उडाली.

२१ जून, संध्याकाळ
आज ओट्याचं उद्घाटन. एवढ्या पावसात! दुपारपासून कर्णा.
चहाची भांडी घासायला परसात गेले. मागच्या पायरीला झेंडूची माळ लागलेली. ताजी.  ओटा खालच्या अंगाला, आपलं घर वरच्या. माळ उलटी आली.
घेऊन आत आले. सुमीने विचारलं, "कुठली गं?"
"ओट्यावरची."
तिने माळ हातात घेतली. मग म्हणाली, "बोलव चौघांना."

चौघेही आरतीला. फोन वाजतात, उचलत कोणी नाही. आळीच्या वळणापर्यंत गेले, तिथे पाणी गुडघ्याला, ओढ इतकी की भिंत धरून परत फिरले. आणि हिला सोडून जाणार कुठे? शेजारी कुलपं. वर गॅलरीत जाऊन हाका मारल्या. कर्ण्यापुढे माझा आवाज तो किती. दत्ताला दिसले मात्र. ओट्यावरून त्याने मान वर केली आणि मला हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले. मी दोन्ही हात हलवतेय, आणि ते मला नमस्कार करतायत.

सुमीच्या उशाशी बसून लिहितेय, कर्णा थांबायची वाट बघत. उंबऱ्यावरून पाणी आत आलंय, आवाज न करता. खालची वीट दिसत नाही. माळ तिने उशाला घेतलीय.

"ताई, पुरे लिहिणं. वर जा. ओरड."