बोलू द्या त्यांना

४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याची चौकशी केलीस म्हणून सांगतो, तो आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणाले चालणं कमी करा. मी म्हटलं, तुम्ही आधी पोट कमी करा. ते बिचारे हसले. हल्ली मी कुणाला काहीही बोललो तरी लोक हसतात. केस पांढरे आणि छातीवर दोन पदकं असली की माणसाला बोलायचा परवाना मिळतो म्हणायचा.

आम्ही तिघे म्हातारे रोज सकाळी न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसतो. मी, वायरलेस आणि उस्ताद. रजेवर येताना मी दोघांनाही घरी आणायचो, तुला आठवत असतील. वायरलेसचा डावा कानही आता पूर्ण गेला. पलटणीत बिनतारी यंत्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला लोकांचं ओरडणंही ऐकू येत नाही. ज्यांना नगराध्यक्षाला, फौजदाराला, सासऱ्याला काही बोलायचं असतं आणि धीर होत नाही, ते आमच्यापाशी येऊन बोलतात. मग आम्ही त्यांच्या वतीने चारचौघांत बोलतो. न्हावी म्हणतो की त्याच्याकडे गिऱ्हाईक दाढीसाठी कमी आणि आमच्या शिव्या ऐकायला जास्त येतं.

बातमी म्हणशील तर, तुझा भाचा ज्यांच्या ट्रकांचं ऑफिस सांभाळतो त्या नगराध्यक्षांनी गावात तरुणांचं पथक काढलंय. करडे शर्ट, बंद गिरणीच्या आवारात कवायत. शिकवायला उस्तादाला बोलावलंय. आयुष्यभर रंगरूट घडवलेला माणूस, शिट्टी गळ्यात पडताच दहा वर्षांनी लहान झालाय. आपल्या बाकावर आता उशिरा येतो.

तब्येत सांभाळ, आणि या म्हाताऱ्यावरचा राग-लोभ दोन्ही चालू ठेव.

तुझा,
दादा


१२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांना पोटावरून बोललास! मी तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली नर्स होते, पण एकदाही तसं बोलले नाही. मनात मात्र रोज बोलायचे.

खरं सांगू, करडे शर्ट वाचून मी ताट बाजूला सारलं. इकडेही असंच पथक आहे. आधी बागा झाडायचे. लोक कौतुक करायचे, मीही केलं. गेल्या महिन्यात तीच पोरं आमच्या जुन्या हॉस्पिटलच्या फाटकात उभी राहिली आणि आत जाणाऱ्याला विचारू लागली की तू कुठल्या वस्तीतला. कळा देणारी एक बाई माझ्यादेखत तशीच परत गेली. मोठे डॉक्टर तिथूनच गेले, बुटांकडे बघत. मी घरी आल्यावर आठवलं की मीसुद्धा काही बोलले नव्हते.

तुझी कवळी आणि जीभ, दोन्ही थोडे दिवस वाटीत काढून ठेव. सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद. माझ्यावर रागावलास तरी पत्र टाकायचं थांबू नकोस.

तुझी,
धाकटी


२१ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि गिरणीत जाऊन आलो. गुडघा काही म्हणाला नाही.

आवारात चुन्याने एक गल्ली आखली आहे. दोन्ही बाजूंना घरं, घरांना दारं, सगळं चुन्याचं. शिट्टी झाली की एक तुकडी गल्लीचं हे तोंड अडवते, दुसरी ते तोंड अडवते आणि तिसरी दारोदार जाते. मी बराच वेळ बघत राहिलो. पोरं चांगली तयार झाली आहेत. उस्तादाच्या हाताला यश आहे, ते मानावंच लागेल.

मी त्याला विचारलं की हे काय. तो म्हणाला, आग लागली तर लोकांना बाहेर काढायची तालीम आहे, अध्यक्षांनी तसंच सांगितलंय. मी म्हटलं, लोकांना बाहेर काढायचं तर दोन्ही तोंडं कशाला अडवायची? तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

चुन्याची ती गल्ली मी ओळखली. मधे एक वळण, वळणावर विहीर. रंगाऱ्यांची गल्ली. गिरणी निघाली तेव्हा कापड रंगवायला बाहेरून आलेली माणसं, आता त्यांची नातवंडं इथल्या शाळेत जातात. अध्यक्षांच्या भाषणात हल्ली सगळ्या दुखण्यांचं मूळ तीच असतात. पाणी कमी आलं तरी तीच.

पथकाच्या समारंभात मी पदकं लावून दोन शब्द बोलावेत असं अध्यक्षांचं आमंत्रण आलंय. तुझ्या भाच्याने जेवताना हात जोडले की बाबा, शौर्यावर बोला आणि खाली या. त्याची नोकरी, घर, सगळं त्यांच्याच हातात. मी हो म्हटलं. बोलायला जाईन, एवढ्यालाच हो म्हटलं.

आशीर्वाद आहेतच. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझा,
दादा


२५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. जाऊ नकोस. गुडघ्याचं कारण सांग, हवं तर मी डॉक्टरांची चिठ्ठी मिळवून देते. तुला काही करणार नाहीत हे मलाही कळतं. बाकीच्यांचं काय?

रागावू नकोस. 

तुझी,
धाकटी


३ डिसेंबर

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

बाबा स्वतः लिहीत नाहीत म्हणून मी, तुमची सून, लिहिते आहे. ते सुखरूप आहेत, हे आधी सांगते.

मैदान भरलं होतं. बाबा इस्त्रीचा कोट घालून, दोन्ही पदकं लावून वर गेले. सुरुवात छान केली, लोक हसले. मग ते पोरांकडे वळले. पुढचं मी जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते विसरायचं नाही. ते म्हणाले, "मी लढलो तेव्हा समोरच्याच्या हातातही बंदूक होती. तुम्हाला बंद दारांवर चालून जायला शिकवताहेत. याला लढाई म्हणत नाहीत. काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे."

माइक बंद झाला. बाबांना माइक कधी लागलाय? ते तसेच बोलत राहिले, रंगाऱ्यांच्या गल्लीचं नाव घेऊन बोलले. मैदानात कुणी खोकलंसुद्धा नाही. फक्त आपला न्हावी उभा राहिला. एकटाच. टाळी वाजवली नाही, नुसता उभा राहिला.

मला वाटलं आता धावून येतील. आत्याबाई, तसं काही झालं नाही. अध्यक्ष हसत पुढे आले, त्यांनी बाबांना मिठी मारली आणि लोकांना म्हणाले, "यांनी आपल्यासाठी रक्त सांडलंय. यांना काहीही बोलायचा हक्क आहे. बोलू द्या त्यांना." केवढ्या टाळ्या पडल्या. आमचे हेसुद्धा वाजवत होते. त्या टाळ्यांत बाबा उभे होते, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

तुम्ही त्यांना लिहा. तुमचंच ऐकतात. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
सून


१३ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं खरं ठरलं. मला कुणी बोट लावलं नाही. रस्त्यात पथकातली पोरं मला सलाम करतात.

न्हाव्याचं दुकान फोडलं. भरदिवसा, समोर फौजदाराची गाडी उभी असताना. आरसे रस्त्यावर पडले होते. त्याचा उजवा हात मनगटात मोडलाय. मी भेटायला गेलो तर त्याच्या बायकोने दार उघडलं नाही. आतून म्हणाली की तुम्ही बोलता आणि घरी जाता. मी दारातच उभा राहिलो.

तुझ्या भाच्याने बायको-मुलांना घेऊन सासुरवाडी गाठली. नोकरी टिकली आहे, त्याने माझ्यासोबत राहायचं नाही या अटीवर; तिथूनच येऊन-जाऊन करतो. मीच जा म्हटलं.

धाकटे, इतकी वर्षं मला वाटत होतं की हे लोक मला भितात म्हणून बोलू देतात. माझ्या बोलण्याने काही हलत नाही, म्हणून ते बोलू देत होते. पण एक गोष्ट खरी आहे की चारचौघांत मला हात लावायला ते कचरतात. तोंडाचा उपयोग नाही तर अंगाचा करू. रविवारी दुपारी पथकाचं संचलन आहे, आणि रस्ता रंगाऱ्यांच्या गल्लीतून ठरलाय. मी आणि वायरलेस गल्लीच्या अलीकडच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसणार आहोत. पलीकडच्या तोंडाला माणूस नाही. उस्तादाला विचारलं. त्याने शिट्टी वाजवून पोरांना रांगेत घेतलं.

काळजी करू नकोस असं लिहीत नाही. करशीलच. 

तुझा,
दादा


२० डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मी धड आहे. वायरलेस धड आहे.

दुपारी आम्ही बसलो. गल्लीत सगळी दारं आतून बंद, दोऱ्यांवर रंगवलेलं कापड तसंच वाळत होतं. एका बाईने पाणी आणून दिलं आणि म्हणाली की आजोबा, घरी जा, तुम्हाला उगाच लागेल. वायरलेसला ऐकू आलं नाही, ती माझ्या गुडघ्याचं विचारतेय असं समजून त्याने उत्तर दिलं. ती हसली आणि आत जाऊन तिने कडी लावली.

मग पथक आलं. हातात काठ्या, काहींच्या काठ्यांना लोखंड. पुढच्या पोराला मी लहानपणी सायकल शिकवली आहे. तो अदबीने म्हणाला की बाजूला व्हा. मी म्हटलं, उचल मला. त्याने मागे पाहिलं. कुणालाच पहिलं व्हायचं नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या त्या टोकाकडून उस्तादाचा आवाज आला. "पथक, थांब! मागे फिर!" तसा आवाज मी सरहद्दीवर ऐकला होता, नंतर नाही. पलीकडच्या तुकडीच्या टाचा एकदम वाजल्या. आमच्या समोरची पोरंसुद्धा वळली, गं. त्यांना हुकूम नव्हता, तरी अंग वळलं. पावलं लांब जायला लागली आणि वायरलेसने माझा हात धरला.

पण पलीकडच्या तुकडीतला एकजण वळला नव्हता. आम्ही वळणापर्यंत पोचलो तेव्हा उस्ताद विहिरीपाशी पडला होता. घाव समोरून, कपाळावर. रंगाऱ्यांनीच दारं उघडली आणि त्याला हातगाडीवर घालून हॉस्पिटलात नेलं.

त्याचे डोळे उघडे असतात. मला ओळखत नाही. अध्यक्ष फुलांचा गुच्छ आणि बातमीदार घेऊन आले आणि सांगितलं की ओल्या दगडावरून पाय घसरला. मी तिथेच सांगितलं की डोक्यात गज घातला, आणि कुणाच्या पथकाने घातला. बातमीदारांनी पेनं खाली केली आणि माझं बोलणं संपायची वाट पाहिली.

पथकाला नवा शिक्षक आलाय. बाहेरगावचा, तरुण. गिरणीतून पुन्हा शिट्टी ऐकू येते. महिनाअखेरच्या रविवारी पुन्हा संचलन आहे. मी गल्लीत एका रंगाऱ्याच्या ओसरीवर राहायला आलोय. घराला कुलूप.

तुला लिहिण्यासारखं एवढंच. 

तुझा,
दादा


२३ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. दोनदा वाचलं नाही, एकदाच पुरलं.

उस्तादाला पाठीवर सतत ठेवू नका, दर थोड्या वेळाने कूस बदला. कानाशी लागून नावाने हाक मारत राहा. त्याला ऐकू येत असेल. वायरलेसला ते काम देऊ नकोस.

माझा हात अजून थरथरत नाही. टाके घालता येतात, हाड बसवता येतं, न्हाव्याचं मनगटही बघते. आमच्या वॉर्डातल्या दोघी जुन्या नर्स माझ्याबरोबर येताहेत. एकीच्या मुलाने तिला कोंडून ठेवलं होतं, ती मोरीच्या दाराने निघाली. आम्हा तिघींचेही केस पांढरे आहेत. पलीकडच्या तोंडाला माणूस नाही म्हणालास, तिथे आम्ही बसू.

शनिवारी दुपारच्या गाडीने पोचतो. मला घ्यायला स्टँडवर येऊ नकोस. गल्ली सोडून हलू नकोस.

तुझी,
धाकटी