रिठावरची पांढरी

१२ नोव्हेंबर
उमरझिऱ्यात पोचलो. चांदूर बाजारहून ऑटो, पुढे तुरीच्या शेतांतून पायी, मजा आली. गावाचा इतिहास लिहायचा आहे, माझा पाचवा. शाळा नववीत सुटली, पण शिलालेख वाचायला मी माझा मीच शिकलो. घरमालकीण पार्बताबाईंनी ओट्यावर चटई टाकली, "या, बसा भाऊ" म्हणाल्या. शेजारचे खुशालराव खवचट: "गावात यस्टी येत नाई, इतिहास कुठून येईन?"

१४ नोव्हेंबर
जुनं गाव ओढ्यापलीकडे होतं. पटकीच्या साथीत ओस पडलं. आता नुसता रिठ, पांढऱ्या मातीचा उंचवटा. आपल्या वऱ्हाडात अशाच मातीनं भिंती पोतारतात. इथे मात्र एकही भिंत पांढरी नाही. सगळं काळ्या मातीचं सारवण. असं का? खुशालराव म्हणाले, रिठाची माती ज्या घराला लागली ते घर रिठाचं होऊन जातं. या वेळी हसले नाहीत.

१५ नोव्हेंबर
तपासल्याशिवाय मी काही लिहीत नसतो. घमेलंभर माती आणली, खोली आतून-बाहेरून पोतारली. हात सुरेख बसला. पार्बताबाई पाहून रडायलाच लागल्या. "काहून केलं भाऊ? आता मले तुमी दिसान का?" मी म्हटलं, सकाळी चहाला येतो, दिसेन.

१६ नोव्हेंबर
चहा मिळाला नाही. पार्बताबाईंच्या पुढ्यात उभा होतो. त्या खुशालरावांना सांगत होत्या, भला माणूस होता. होता! मी खुशालरावांचा खांदा गच्च धरला. त्यांनी खांद्यावरची माती झटकली. पांढरी.

१७ नोव्हेंबर
भिंत खरवडली. खालीही पांढरीच. दाराशी माझ्या पंजाचा ठसा उमटला होता. आज त्याच्या बाजूला दुसरे पंजे, काही लेकरांचे. चांदूरचा रस्ता धरला. भर उन्हात चाललो. ओढा ओलांडला — समोर हीच खोली. ठीक आहे. मीही हट्टी आहे.

१८ नोव्हेंबर
दुपार. पार्बताबाई बाहेरून माझ्या दारावर गोवऱ्या थापून राहिल्या. दार नाहीच, नुसती भिंत आहे, अशा थाटात. मी ओरडतो, त्या गुणगुणतात. फटी बुजत चालल्या —

उजेड कमी —

मागून कोणी म्हणालं, या, बसा.

बसणार नाही. उभ्यानं लिहितो. मी रिठाचा नाही. मी अकोल्याचा, धर्मेंद्र पुंजा—