बत्तीस डेसिबल

४ मार्च, सोमवार
सर्व्हर रूम उभी करायची जबाबदारी माझ्यावर आली. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, की दवाखान्याचे सगळे रिपोर्ट यापुढे आपल्याच मशीनवर राहतील आणि खोलीचं तुम्ही बघा. एकोणीस वर्षं ऑफिस सांभाळल्याचं चीज झालं. नियमांचं पुस्तक चौऱ्याऐंशी पानी. रोज दहा पानं वाचायची. आज अनुक्रमणिका वाचली. तशी सगळी कल्पना आली.

६ मार्च
जागा ठरली. कान तपासायच्या खोलीला लागून असलेली अडगळीची खोली. माझ्या टेबलापासून सात पावलं. कान तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, आवाज येणार नाही ना? मधली भिंत नऊ इंची आहे, असं ठासून सांगितलं. त्या गेल्यावर भिंतीवर टकटक करून पाहिलं. प्लायवूड. पण जाड वाटलं.

११ मार्च
नकाशा काढला. मशीन ठेवायच्या रॅकच्या पुढे आणि मागे मीटरभर मोकळी जागा हवी, असा नियम आहे. खोलीत ते बसेना. तीनदा खोडलं. शेवटी रॅक जरा बारीक काढला, आता छान बसतो. घरी हिला दाखवला. ही म्हणाली, खरा रॅकपण बारीक करून देतात का? हिला नकाशातलं कळत नाही.

१४ मार्च
फॉर्ममध्ये ‘आवाजाची नोंद’ असा रकाना आहे. मोबाइलवर ॲप घेऊन कान तपासायच्या खोलीत मोजला. बत्तीस डेसिबल. उत्तम. मशीन अजून यायची आहेत, पण तसं फॉर्ममध्ये कुणी विचारलेलं नाही. सही करून टाकली.

२१ मार्च
मशीन आली. रॅक नकाशापेक्षा जाड निघाला. मागे वीतभर जागा उरली. इलेक्ट्रिशियन पोट आत ओढून मागे शिरला आणि अडकला. आतूनच शांतपणे विचारलं, खोली कुणी मोजली? म्हटलं, आधी बाहेर या, मग बोलू. बाहेर आला, शर्टाची दोन बटणं आत राहिली.

२५ मार्च
मशीन सुरू. फॅन बरेच आहेत. टेबलाशी बसलं की शेजारी पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटतं. सवय होईल.

२ एप्रिल
मॅडम म्हणाल्या, आठवड्यात नऊ जणांना तपासणीतले खालचे सूर ऐकू आले नाहीत, तुमच्या मशीनमुळे तर नाही? मी बत्तीस डेसिबलचा कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, तसं असेल तर माझेच हेडफोन बिघडले असतील, दुरुस्तीला पाठवते. विषय मिटला.

९ एप्रिल
वार्षिक तपासणीला आलेला बस ड्रायव्हर नापास. फेरतपासणी होईपर्यंत गाडी चालवायची नाही. माझ्या टेबलासमोर बसून राहिला. म्हणाला, साहेब, अकरा वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी त्याला नियम मोठ्या आवाजात, सावकाश समजावला. तो म्हणाला, ओरडू नका, येतंय ऐकू.

१० एप्रिल
उद्या सकाळी पहिलं काम, मोठ्या डॉक्टरांना त्या बत्तीस डेसिबलचं खरं सांगायचं.

११ एप्रिल
डॉक्टर कामात होते.

१२ एप्रिल
शुक्रवारी कशाला कुणाचा मूड घालवा. सोमवारी नक्की.

१५ एप्रिल
केबिनमध्ये गेलो. डॉक्टर म्हणाले, बोला. मी वॉटर कूलरचा नळ गळतो म्हणून सांगून परत आलो.

१८ एप्रिल
ड्रायव्हरची बायको आली होती. फेरतपासणीची तारीख लवकर मिळेल का, विचारत होती. म्हणाली, घरात आता सगळेच त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात, चांगल्या मनानंच बोलतात, पण ते उत्तर देईनासे झालेत. दिवसभर खिडकीशी बसतात. मी रजिस्टर बराच वेळ चाळलं आणि सहा मेची तारीख दिली. ती माझे आभार मानून गेली.
नियमांचं पुस्तक उघडलं. पान अकरावर सरळ लिहिलंय, आवाज मशीन चालू असताना मोजावा.

२३ एप्रिल
सर्व्हर रूम बघायला तपासणी अधिकारी आले. स्वतःचं मीटर घेऊन. कान तपासायच्या खोलीत एकसष्ट डेसिबल. माझा कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, बत्तीस कसे आले? म्हटलं, सकाळची वेळ होती. त्यांनी विचारलं, मशीन चालू होती?
मोठे डॉक्टर होते. मॅडम होत्या. इलेक्ट्रिशियनही दारात उभा होता. मी म्हणालो, नाही.
कुणी आवाज चढवला नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, की मी माझे हेडफोन दोनदा दुरुस्त करून आणले. मला जमिनीकडेही बघवेना.

२६ एप्रिल
मशीन बंद ठेवून नापास झालेल्या सगळ्यांना परत बोलावलं. एकतीस जण. त्यातल्या सव्वीस जणांचे कान ठणठणीत. ड्रायव्हरला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सूर ऐकू आले. रॅक आता तळमजल्यावर जाणार. काम इलेक्ट्रिशियनकडे. त्यानं खोली आधी मोजली, मशीन आत कल्पून मोजली. मी टेप धरायला उभा होतो.

२८ एप्रिल, रविवार
ड्रायव्हरच्या घरी माफी मागायला गेलो. वाक्यं जिन्यात पाठ केली होती. ‘चूक माझी होती. मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो.’ दोनच वाक्यं.
दार त्यानंच उघडलं. युनिफॉर्मला इस्त्री चालली होती, उद्यापासून ड्युटी. मला ओळखून त्यानं खुर्ची पुसून दिली. आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, अगं, दवाखान्यातले साहेब आलेत. बायको मुलीला घेऊन बाहेर आली. मुलीला म्हणाली, पाया पड, यांनीच ते मशीन बंद करायला लावलं म्हणून बाबांचं काम वाचलं.
मुलगी वाकली.
मी म्हणालो, असू दे, असू दे. चहा घेतला. घरी आलो.