मोरीतली नाळ

३ फेब्रुवारी
आज हॉस्पिटलातून थेट नव्या घरी आलो. रोडपालीला, तळमजल्यावर. नेऱ्याला सासरी संडास आंगनापल्याड, इथं घरातच. मोरी पन घरात, पांढरी लादी. माझा नवरा हरेश बंदरावर ट्रेलर चालवतो. कुलूप उघडून म्हनला, या भामाबाय, महालात या. हसले तं टाके ओढले. नर्सबाईनं सांगितलंय, बाळ कधी पितं, कधी शी करतं ते लिवून ठेव. सातवीच शिकलेय, पन लिवायला आवडतं, म्हनून बाकीचं पन लिवते.

६ फेब्रुवारी
बाळाची नाळ गळली. सासूबाई फोनवर म्हनल्या, जपून ठेव, आपल्या मोरीच्या कडंला पुरू. आमच्यात तसंच करतात, म्हंजी पोर घराला धरून राहतं. पन आता आमचं घर तं हेच. इथं माती कुठं, सगळी लादी. मग मी मोरीची जाळी उचलली, खालच्या वाटीत नाळ सोडली, हळद-कुंकू वाह्यलं, वरनं तांब्याभर पानी. बरं वाटलं. पोर आता इथलं झालं.

९ फेब्रुवारी
मोरीतनं घान वास येतोय. हरेशनं शिरढोणचा प्लंबर आनला, कुंदन. लय बोलका. म्हनला, वयनी, या वाटीला नानी ट्रॅप म्हनतात. हिच्यात पानी उभं राहिलं का गटाराचा वास वर येत नाय. तुमची सुकलीय, रोज पानी ओतत जा. नाळ दिसली का विचारलं. म्हनला, केस पन नाय हिच्यात, चाटूनपुसून साफ हाय.

११ फेब्रुवारी
पानी ओतते तं घटाघट आवाज येतो, कोन तहानलेलं पितंय तसा. वाटी परत कोरडी. कमोडातलं पानी पन खाली उतरलंय. कुंदन म्हनला, हवेचा पाइप तुंबला असंल. गच्चीवर जाऊन कबुतराचं घरटं काढलं. म्हनला, आता बिनघोर बसा वयनी. हरेश लय हसला.

१४ फेब्रुवारी
पायांवर घेऊन बाळाला आंघोळ घालत होते. बाजूच्या कमोडनं उचकी दिली. मग बाळानं दिली. परत कमोडनं. परत बाळानं. दर टायमाला कमोड आधी.
हरेश म्हनला, कोनतरी आठवन काढतंय त्याची, तू कशाला घाबरतेस.
कोन काढतंय, ते नाय सांगितलं त्यानं.

१७ फेब्रुवारी
मी फ्लश दाबला न् खोलीत बाळ किंचाळलं. धावत गेले. बेंबी वर आलेली, तानलेली, मोरीच्या बाजूला. बेंबी न् मोरीच्या मधी हात फिरवून बघितला. काय नाय. डॉक्टरीनबाई म्हनल्या, हर्निया हाय, रडल्यावर येतो, आपोआप जाईल. पन रडन्याच्या आधी आलेला.
आता आमी फ्लश दाबत नाय. पन वरचे दाबतात. पाइप सगळ्यांचा एकच. दर टायमाला बाळ थोडं मोरीकडं सरकतं.

१९ फेब्रुवारी
सासूबाईंना सगळं सांगितलं. ओरडल्याच त्या. अगो येडे, नाळ मातीला द्यायची, गटाराला कशाला दिलीस? ती काढ आधी, नायतर ते पोराला सोडायचं नाय.
कुंदननं मागचं गटाराचं चेंबर उघडलं, बांबूची लांब फट्टी पाइपात घातली. अडकली. त्यानं ओढली तं आतनं पन ओढली. हसला, म्हनला, कोन हाय रं आत, मामा काय? परत ओढली. हाताची सालं निघाली. मग नाय हसला. फट्टी तशीच टाकून अनवानी पळाला.

२० फेब्रुवारी
नेऱ्याला निघालो. उंबऱ्याबाहेर पाय टाकला न् बाळ निळं— आवाजच नाय. बेंबी बोटभर तानलेली. मागं फिरले. मोरीकडं आले तसं रडू फुटलं. जाळीपाशी गप. हसलं पन.
हरेश टिकाव आनायला गेलाय. लादी फोडतो म्हनतो.

दुपारी
मोरीत बसलेय. पाय पसरून, बाळ पायांवर. डावा हात त्याच्या पोटावर. हरेश येईस्तोवर लिवते, लिवलं का भ्या कमी वाटतं.
जाळी हलली. मी नाय हात लावला.
सगळे जेवून उठले असतील वरती. देवा, कोनी फ्लश नका—
दाबला.
सरकतंय. आंगाला तेल हाय, धरवत नाय—
हरेश दार वाजवतोय. कडी सवयीनं मीच लावलीय. उठले तं सुटंल—
परत दाबला— एका हातानं नाय होत— दुसरा पन ला