कवाडं काढलेलं कपाट

१७ जून, मंगळवार

आलो एकदाचे शिंगणापूरला! बदलीचं ऐकून आईने डोळ्यांना पदर लावला होता, पण मला गाव झकास वाटलं. शाळा पाच मिनिटांवर, घरमालकीण चांगुणाबाई शेजारीच, आणि आल्या आल्या गरम पिठलं-भाकरी. घराला चौकट आहे, कवाड नाही. पडदा सारायचा आणि आत शिरायचं. इथे चोरी होत नाही, म्हणून कुणी दारच बसवत नाही. मी एका रात्रीच्या मुक्कामालासुद्धा सुटकेसला कुलूप घालणारी बाई. चांगलीच जिरली माझी.

दुपारी टेम्पोतून पंकजचं लाडकं कपाट आलं. माझा नवरा जुनं फर्निचर पॉलिश करून विकतो, पण हे विकायचं नाही म्हणे. इटलीचं आहे, १९५६ सालचं. अक्रोडाचं लाकूड, लांबडं, बुटकं, चार कवाडांचं. साइडबोर्ड म्हणायचं, कपाट म्हटलं की साहेबांना राग येतो. ते घडवणारा रेनातो वाल्सेकी म्हणून कुणी होता. त्याचा म्हातारपणीचा फोटो पंकजने मोबाईलवर दाखवला. मी म्हटलं, वर्गात गोंधळ झाला की मी बघते, तसाच डोळे वटारून बघतोय की हा!

१८ जून, बुधवार

चांगुणाबाई कपाट बघून चौकटीतच थबकल्या. म्हणाल्या, बाई, कवाड न्हाई चालत आमच्यात, घराला न्हाई आन् कपाटालाबी न्हाई. पडदा लावा, लई शोभंल. पंकजचं तोंड एवढंसं झालं. आमच्याकडे असलं काही मानत नाहीत, पण मीच त्याची समजूत घातली, की म्हातारीचं मन कशाला मोडायचं? शेवटी त्याने बिजागऱ्या खोलल्या आणि चारही कवाडं परसात भिंतीला टेकवून ठेवली. मोकळ्या खणांत मी डबे लावले.

शाळेत आज प फ ब भ म घेतलं. ओठ न मिटता म्हणून दाखवा, असं पोरांना सांगितलं. हसून हसून लोळली कार्टी.

२१ जून, शनिवार

दर्शनाला तुफान गर्दी. आणि माझ्या डब्यांची झाकणं गेली. डबे जागेवर, डाळ-तांदूळ जागेवर, अकराच्या अकरा झाकणं तेवढी नाहीत. चांगुणाबाईंना विचारलं, तर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, हितं चोरी व्हत न्हाई बाई, तुमीच कुटंतरी ठिवली आसतील. मी गावाला नावं ठेवतेय असं वाटलं त्यांना. इतकं ओशाळल्यासारखं झालं मला! नवीन झाकण आणलं, ते बसेचना.

२४ जून

सुटकेस मिटत नाही. छत्री मिटत नाही. पंकजची कात्री उघडी ती उघडीच. तो म्हणतो, दमट हवेने लाकूड फुगतं, तसंच काहीतरी असेल. छत्रीत लाकूड कुठून आलं, असं विचारलं तर माझ्यावरच खेकसला. दोन रात्री झोपलेला नाही.

२६ जून

सकाळी चहा देताना त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला पापण्या नाहीत. जखम नाही, रक्त नाही. जणू कधी नव्हत्याच.

मी किंचाळले. तो म्हणाला, भारती, ओरडू नको, मला फक्त डोळे मिटायचेत गं.

नगरला नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे पुन्हा पुन्हा तपासले. मग त्यांनी विचारलं, जन्मापासून असंच आहे का. थेंब दिले, पट्टी बांधली. घरी येईपर्यंत पट्टी सुटलेली. देवा, काय करू मी? कुणाला सांगू?

२७ जून

मधल्या खणाच्या तळाला एक कागद चिकटवलेला सापडला. मोबाईलवर भाषांतर केलं. जसं आलं तसं उतरवते: "आधी याला दारे नव्हती. याने माझ्या घरातले मिटणारे सर्व घेतले. मी दारे बसवली, तेव्हा ते थांबले. गेलेले परत आले नाही. दारे काढू नयेत." खाली वाल्सेकीची सही.

त्याचा फोटो मोठा करून बघितला. तो डोळे वटारत नव्हता.

परसात धावले. कवाडं नाहीत. चांगुणाबाई म्हणाल्या, पावसात कुजली आसती म्हून बंबात घातली. लई झ्याक जळली. तुमच्याच आंघुळीचं पानी तापवलं बाई.

काढा म्हणणारी मीच होते.

२८ जून

पंकज नवी कवाडं करतोय. त्याला धूसर दिसतं. बोटांनी चाचपून मापं घेतो. चारदा बसवली. चारही वेळा बोटभर फट राहिली — दाबली तरी मिटत नाहीत.

कपाट टाकून येऊ म्हटलं, तर रडायला लागला. अश्रू येत नाहीत त्याला.

३० जून

शाळेत प म्हणता आला नाही. ओठ जवळ येतात, टेकत नाहीत. पोरं हसली, त्यांना वाटलं खेळ आहे. दिवसभर टकळी चालणारी मी, तोंडाला पदर लावून घरी आले.

पंकजला आता काही दिसत नाही. डोळे सुकून पांढरे पडलेत. माझ्या पावलांच्या रोखाने चालतो. त्याला हाक मारली — अंकज, अंकज. तो विचारत राहिला, कोण आहे?

१ जुलै

मूठ मिटत नाही. दोन तळव्यांत पेन दाबून —

दुपारी मी मोरीत होते. तो उठला. चाचपडत चौकटीतून बाहेर — नुसता पडदा. कवाड असतं तर कडी घातली असती —

रस्त्यावर गाड्या. मागे धावले. गर्दीत दिसेना. ओरडले, नाव येईना — लोक माझ्या तोंडाकडे बघत —

घरी आले. चांगुणाबाईंना लिहून दाखवते. कुणीही वाचा. मला जमत नाही, तुम्ही हाक मारा, मोठ्याने मारा, तो थांबेल — पेन निसटतंय, नाव लिहिते —

पं