मंगळवारची दहा मिनिटं

३ नोव्हेंबर, सोमवार

नवे साहेब आले! उन्मेष साहेब, पुण्याहून. केंद्रप्रमुखाची खुर्ची आधी स्वतःच्या रुमालानं पुसली, मग बसले. बैठकीतलं पहिलंच वाक्य — "इथल्या निवेदकांचा हेल माईकवर ऐकू येतो."

येणारच. रत्नागिरीचं रेडिओ केंद्र आहे. पुण्याचा हेल ऐकायचा तर पुण्याला केंद्र आहे की! हे मनात. तोंडानं "हो सर." वीस वर्षं हंगामी निवेदिका म्हणून टिकायचं तर मनातलं आणि तोंडातलं अशी दोन वेगळी केंद्रं चालवावी लागतात.

मग भाषांची झाडाझडती. मराठी ठीक. उर्दू बातम्या "बघू". कोकणी मुसलमानांच्या बोलीतला कार्यक्रम "बघू". आणि — "हे नेपाळी काय? रत्नागिरीत नेपाळी?"

मी म्हटलं, सर, आंब्याच्या बागांचे राखणदार नेपाळी आहेत. मच्छीमार बोटींवर खलाशीही कितीतरी.

"मग त्यांचा प्रतिसाद कुठाय? ईमेल?"

बरोबर आहे. भर दर्यात जाळं ओढताना माणसानं आधी ईमेल करावा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नेपाळी कार्यक्रम आजपासून नव्हे, आजच्यानंतर बंद. मेहेरबानी!

मायाला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे. साहेब महत्त्वाच्या बैठकीत होते. एकटेच.

माया थापा पावसजवळच्या एका बागेत राखणीला असते. दर मंगळवारी एसटीनं येते, दहा मिनिटं बोलते — हवामान, कुणाकुणाचे निरोप, शेवटी एक गाणं. खरं सांगू? मला त्या कार्यक्रमाचं फार प्रेम नाही. गाणी सगळी एकच वाटतात. पण पोरगी कधी उशिरा आली नाही.

"बंद? मग मी टेकला निरोप कसा देऊ, ताई?"

टेकबहादूर म्हणजे तिचा नवरा. मिरकरवाडा बंदरातल्या एका बोटीवर खलाशी. दिवाळीला बागेत आला होता, भाऊबीजेनंतर गेला. मग एकदाच फोन — बोटीवर आहे, रेंज नसते, काळजी करू नको.

"बोटीवर रेडिओ असतो. माझा आवाज ऐकतो तो."

मी "बघू" म्हटलं. आमच्या ऑफिसात बघू म्हणजे नाही. ती भाषा तिला येत नाही. हसून गेली बिचारी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फलकावर साहेबांची सूचना — 'लेखी परवानगीशिवाय वेळापत्रकाबाहेरचा एकही शब्द प्रसारीत होणार नाही.' प्रसारितची 'री' दीर्घ. बहुधा लेखी परवानगीनं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नेपाळीच्या जागी साहेबांचं ध्वनिमुद्रित व्याख्यान लावलं. विषय — 'श्रोत्यांशी संवाद'. प्रतिसाद शून्य. ईमेलसुद्धा नाही!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घडलं तसं लिहून ठेवते.

दुपारी हवामान खात्याचा इशारा आला. समुद्रात मोठं वादळ, खोलवर गेलेल्या बोटींनी ताबडतोब किनाऱ्याला यावं. साहेब चिपळूणला कॉलेजात भाषणाला — 'रेडिओ : सामान्यांचा आवाज'. सामान्यांचा आवाज मध्येच यायला नको म्हणून फोन बंद.

मी मराठीतून वाचलं, ठरल्या साच्यातलं. 'मत्स्यव्यावसायिकांनी योग्य ती खबरदारी बाळगावी.' हे ऐकून कोण जाळं गुंडाळेल? मी असते तर झोपले असते.

चारच्या सुमाराला माया आली. केस विस्कटलेले, चप्पल हातात. मिरकरवाड्याला जाऊन आली होती. बऱ्याच बोटी परतल्या होत्या. टेकची नव्हती.

"ताई, मला बोलू दे. दोनच मिनिटं."

आणि मी काय म्हणाले? "लेखी परवानगी लागते गो." मीच! स्वतःचा आवाज मला ओळखू येईना.

ती वाद घालत बसली नाही. तिथंच दाराशी उभी राहिली. आमचे तंत्रज्ञ आत्माराम काचेपलीकडून सगळं बघत होते. लांज्याचा माणूस, दिवसात चार वाक्यं बोलतो. त्यांतलं एक आज बोलले —

"विमलाताई, काय व्हायचा ता होईल. मी चालू गाणं खाली उतरवतो. तुम्ही तिला बसवा."

बसवलं. माईक उघडला.

आधी नीट बोलली. वारा कुठून येतोय, बोटी जयगडच्या खाडीत घ्या. "सबै दाजुभाइ, फर्किनुहोस्" — सगळ्या भावांनो, परत फिरा. मग एकदम थांबली. मला वाटलं संपलं. तेवढ्यात — "टेक, फर्क न. म कुरिरहेकी छु." परत फिर, मी वाट बघतेय. आणि हमसून हमसून रडायला लागली. फर्क, टेक, फर्क. सगळं हवेवर चाललं होतं!

मी माईक बंद करायला हवा होता. बोट बटणावर होतं. नाही केला.

तिला पाणी दिलं आणि थोड्या वेळानं पुन्हा बसवलं. मग पुन्हा. मरो ती परवानगी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वाऱ्यानं आमच्या दारातला शेवगा आडवा केला. बाकीच्या बोटी आल्या. एक नाही. टेकचीच.

साहेब मात्र सुखरूप पोचले. मला नोटीस! अनधिकृत व्यक्तीला स्टुडिओत प्रवेश, परभाषेत खासगी निरोप, आणि तिसरा मुद्दा — प्रक्षेपणात रडणे. रडण्याला वेगळा मुद्दा! पुढचा आदेश येईपर्यंत मला ड्यूटी नाही.

गेली ड्यूटी तर गेली. पण टेक आला नाही तर? त्या पोरीला सगळ्या दर्यासमोर रडायला लावून मी काय मिळवलं?

१६ नोव्हेंबर, रविवार

माया धक्क्यावरच बसून आहे. भात-आमटीचा डबा नेला. दोन घास खाल्ले तिनं. दोघी समुद्राकडे बघत बसलो. माझ्यासारखीला टोमणा सुचेना. कुणावरच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बोट सापडली!!

आत्मारामांचा फोन. जयगडच्या खाडीत आहे, वादळात इंजिन बिघडलं, पण सगळे खलाशी जिवंत. सगळे! मी रिक्षानं धक्क्यावर गेले आणि लांबूनच ओरडले. मायानं मला असं धरलं की माझा चष्मा फुटला. टेकचा फोन लागत नाही म्हणते. चार्जिंग कुठून असणार, मी म्हटलं, धीर धर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पेपरात साहेबांचा फोटो! 'रेडिओ केंद्राच्या प्रसंगावधानामुळे बोट बचावली.' साहेब म्हणतात, "बहुभाषिक श्रोता हा आमचा केंद्रबिंदू आहे." नोटीस मागे. मला ड्यूटी. नेपाळी कार्यक्रम आज संध्याकाळपासून पुन्हा सुरू. रडण्याबद्दल काही उल्लेख नाही. तेही बहुधा साहेबांनीच रडून घेतलं असावं.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ

मघाशी जयगडहून त्या बोटीच्या तांडेलाचा, म्हणजे कप्तानाचा फोन आला, आभार मानायला. दुपारची मराठी सूचना त्यानं ऐकली होती. मासळी चांगली लागत होती म्हणून कानाआड केली. मग माया रडायला लागली आणि बोटीवरच्या नेपाळी पोरांनी जाळ्यावरचा हात काढला. नुसते त्याच्याकडे बघत उभे राहिले. त्यानं बोट वळवली.

मी म्हटलं, टेकबहादूरला द्या फोन, त्याची बायको इथंच आहे.

तो म्हणाला, "टेक बोटीवर नाय, ताई. दिवाळीला गेला तो परत आलाच नाय. गोव्यात ऱ्हातो, दुसऱ्या बाईबरोबर. पोरांना सगळ्यांना ठावं होतं."

माया बाहेर बाकावर बसलीय. केंद्रातल्या सगळ्यांसाठी तांदळाच्या गोड सेलरोट्या करून आणल्यात. टेकच्या वेगळ्या बांधल्यात.